सुरीवरचा निळा डाग

४ मे
ऊन असं की दुकानाच्या टिनाखाली उभं राहवत नाही. त्यात गडचांदूरचं ऊन, म्हणजे घामावर सिमेंटची भुकटी. जिवतीच्या एका माणसाचं गेट अर्धवट पडलंय आणि मी ग्राइंडरला चिकटलोय. वर्षा डबा घेऊन आली, म्हणाली, "लोकं या उन्हात घरात बसतात, तुम्ही ठिणग्या उडवून राह्यले." बायको बरोबर बोलते, हाच तिचा मोठा दोष.

पण ग्राइंडर चालू झाला. जुन्या आटाचक्कीची मोटर, भंगारातले बेअरिंग, बाकी माझं वेल्डिंग. लोखंड घासायचा पट्टा नागपूरहून मागवलेला. पट्टा चाकांवरून घसरत नाही. संध्याकाळपर्यंत नुसता चालू-बंद करून पाहत होतो.

७ मे
सत्तारचाचा आले. बाबांचे दोस्त. बाबा गेल्यावर आमच्या घरी पहिला चहा आला तो यांच्याच घरून. मटणाचं दुकान आता त्यांचा मुलगा इरफान पाहतो, पण बकरी ईदला मोहल्ल्यात घरोघरी सुरी चालवायला चाचाच लागतात. त्यांच्या हातचा बकरा तडफडत नाही, असं सगळे म्हणतात. मीही लहानपणापासून तेच ऐकलंय.

कापडातून जुनी सुरी काढली. बाबांनी ठोकलेली. घासून घासून भाजीच्या चाकूएवढी उरली. "इची जान गेली आता. तू बनव नवी. तुह्या बापानं बनवली तशी."

मी म्हणालो, "बाबापेक्षा भारी बनवतो, चाचा. आता मशीन आहे."

हसले. "मशीन रायली मशीनच्या जागी. मले धार पायजे. जनावराले सुरी दिसली नाई पायजे, अन लागली हे समजलं नाई पायजे. बस."

मूठ तीच हवी म्हणाले. सागवानी. त्यांच्या बोटांचे खळगे पडलेत तिच्यात.

११ मे
ट्रकच्या कमानीचा पाटा कापून ठोकला. आकार छान आला. मग ग्राइंडरवर ढाळ, म्हणजे धारेकडचा उतार, द्यायला गेलो आणि माती खाल्ली. डाव्या अंगाचा ढाळ एक, उजव्या अंगाचा दुसराच. मधे लाट. अशी सुरी मांसात सरळ जात नाही, एका बाजूला ओढते. पाटा बाजूला टाकला, दुसरा घेतला.

बाबा हे नुसत्या कानशीनं करायचे, गप्पा मारत. माझा हात तसा नाही. कबूल. पण हात नसला तरी डोकं आहे ना.

१५ मे
घोडी बनवतोय. ग्राइंडरसमोर सरकती पट्टी, तिच्यावर बिजागरी, बिजागरीवर शिकंजा. सुरी शिकंज्यात आवळायची, तिरपेपणा एकदा बांधून टाकायचा, मग फक्त डावीकडून उजवीकडे सरकवत जायचं. पट्ट्याच्या पाठीला सपाट लोखंडी पट्टी, म्हणजे पट्टा आत दबणार नाही आणि लाट येणार नाही. कालपासून बिजागरी खुळखुळते. आज वायसर घालून बसवली.

१८ मे
चालली. पाहण्यासारखा ढाळ. दोन्ही अंगांना सारखा, काचेसारखा सपाट. मोबाईलवरच्या सुरीवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. कोल्हापूरच्या कोणीतरी विचारलं, "मशीन बाहेरची का?" मी लिहिलं, "घरची." दिवसभर छाती फुगवून फिरलो.

वर्षा: "गेटवाला येऊन गेला."

२० मे
सुरीला पाणी दिलं. भट्टीत लाल केली, चुंबक चिकटेनासं झाल्यावर तेलात बुडवली. मग कडकपणा थोडा उतरवायला वर्षाच्या केकच्या ओव्हनमध्ये. घरभर जळक्या तेलाचा वास. "आता यात केक केला त मोबिलचा लागंल," म्हणाली. कानस फिरवून पाहिली, घसरते. म्हणजे पातं कडक आहे.

आता फक्त शेवटचा ढाळ आणि मूठ. चाचा शनिवारी येणार.

२४ मे, शनिवार
जे झालं ते लिहून ठेवतो.

सकाळी शेवटचा ढाळ द्यायला बसलो. हातात धरून घासत होतो तेव्हा बोटं पात्यावर असायची. तापलं की चटका बसायचा, चटका बसला की बादलीत बुडवायचो. आता पातं शिकंज्यात आणि माझे हात लांब, लाकडी दांड्यावर. चटका बसणार कोणाला? ढाळ इतका सुंदर निघत होता की मी पाहतच राहिलो, पाण्याची आठवणच नाही. काढली तेव्हा धारेच्या मधोमध निळा पट्टा. अगदी काठाला राखाडी. तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. तिथं धार लागेल, पण टिकणार नाही. हे मला माहीत आहे. बाबांच्या भात्याजवळ बसून वाढलो मी.

पुन्हा भट्टीत घालायला हवी होती. म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि पातं वाकलं तर तेही गेलं. चाचा दुपारी यायचे होते. ग्रुपवर लोक 'तयार झाली का' विचारत होते.

बारीक पट्टा चढवला आणि निळं घासून काढलं. पाच मिनिटांत सुरी चांदीसारखी. मूठ बसवली. कागद कापून पाहिला, सर्र. मनाला म्हटलं, एवढासा भाग, कोणाला कळतंय.

चाचांनी सुरी उजेडात धरली, अंगठ्यानं धार पाहिली. "बाप असता त खूश झाला असता," म्हणाले. मी मूग गिळून उभा.

२९ मे
गेट दिलं एकदाचं. ग्राइंडर चालवला नाही. ग्रुपवर एकानं घोडीचं माप मागितलं. पाठवलं नाही.

२ जून
चाचांना जाऊन सांगावं का? 'दोन दिवसांसाठी द्या, थोडं काम राहिलं' एवढंच म्हटलं तरी चाललं असतं. पट्टा आहे, भट्टी आहे, वेळही आहे. निघालो होतो. चौकात इरफान भेटला, म्हणाला, "भाऊ, अब्बा सुरी सगळ्याईले दाखवून राह्यले." परत आलो.

७ जून, ईद
दरवर्षीसारखा सकाळी गेलो. खरं म्हणजे आपली सुरी चालताना पाहायची होती. पहिल्या घरी छान झालं. दुसऱ्या घरीही. मी म्हटलं, उगाच जीव खाल्ला दोन आठवडे.

मग याकूबभाईंकडे. मोठा बकरा, जिवतीच्या बाजारातून आणून वर्षभर घरात पाळलेला. पोरी रडत होत्या, त्यांना आत नेलं. चाचांनी बकऱ्याला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. सुरी पाठीमागे, कापडात. नेहमीसारखंच सगळं. नाव घेऊन सुरी फिरवली. फिरली, पण गेली नाही. पुन्हा ओढली. बकरा ओरडला, धरणाऱ्यांच्या हातून सुटला आणि अंगणात... नको. इरफाननं धावत येऊन दुकानाच्या सुरीनं संपवलं.

चाचांनी सुरीकडे पाहिलंच नाही. ते स्वतःच्या हाताकडे पाहत होते.

मग सगळे बोलायला लागले. चाचा, बसा. पाणी आणा. याकूबभाई हळूच म्हणाले, "उमर झाली आता. किती दिवस करतील." आणि मी, भिंतीला टेकून उभा, मी काय म्हणालो? "ऊन लागलं असंल, चाचा."

कोणी विचारलं नव्हतं मला. मी आपणहून म्हणालो.

पुढच्या घरी चाचा गेले नाहीत. सुरी इरफानकडे दिली आणि घरी जाऊन बसले.

८ जून
इरफान कुर्बानीचा वाटा देऊन गेला. वर्षानं शिजवला. मला गिळवेना. "उन्हाचं पोट बिघडलं," म्हणालो. हे ऊन फार कामाला येतंय मला.

१२ जून
चौकात चहाच्या टपरीवर ऐकलं. "सत्तारचाचाचा हात थरथरते म्हणे." "याकूबच्या इथी लय हाल झाले बकऱ्याचे." सांगणारा तिथं नव्हताच. मी होतो. चहा अर्धा टाकून उठलो.

१४ जून
इरफान चाचांना चंद्रपूरला घेऊन गेला, नसांच्या डॉक्टरकडे. गोळ्या दिल्या. रोज घ्यायच्या. मी कच्ची सुरी दिली आणि गोळ्या ते खातायत.

१७ जून
वर्षा: "चाचाकडे काऊन जात नाही आजकाल? रस्ता वाकडा करून येता."

सांगून टाकलं. निळा डाग, बारीक पट्टा, सगळं. वाटलं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. भाजी चिरत बसली होती, चिरतच राहिली. मग म्हणाली, "मले सांगून काय फायदा? माह्या हाताले कोणी नावं ठेवली का?"



२० जून
दुपारी इरफान दुकानावर आला. सुरी घेऊन. "भाऊ, ही मधातच बसते. टोकाले ठीक आहे, मुठीजवळ ठीक आहे. मधात धार लावली की लगेच वळते. काऊन असं?"

विचारताना तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी कानस घेतली. टोकाला घसरली. मुठीजवळ घसरली. मधे रुतली. खोटं बोलायला जागा उरली नव्हती.

"तापली होती," मी म्हणालो. "माह्या हातून."

"म्हणजे अब्बाचा हात नव्हता."

"नाही."

तो स्टुलावर बसला. मी वाट पाहत होतो, आता शिवी देईल, कॉलर धरेल. धरायला हवी होती. म्हणाला, "राहू द्या मग."

"म्हणजे?"

"अब्बा सत्तरच्या वर गेले, भाऊ. दरसाल ईदले उन्हात घरोघरी फिरतात. अम्मी बोलून थकली, मी बोलून थकलो. कोणाचं ऐकलं नाई. आता घरी बसतात. सुनेचे दिवस भरत आले, नातवंडाची वाट पाहून राह्यले. हे ठीकच झालं समजा. तुम्ही काई बोलू नका."

तो गेला. माझ्या छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. मुलानंच सांगितलंय, मग मी कोण? चहा मागवला, बिस्किटं खाल्ली. बिस्किट खाता खाता स्वतःची इतकी शिसारी आली की उरलेलं कुत्र्याला टाकलं.

सुरी इथंच ठेवून गेला.

२३ जून
ग्राइंडर उघडला. पुली बदलली, मोठी बसवली, पट्टा आता सावकाश फिरतो. शिकंजा कापून टाकला. घोडीचा टेकू आणि तिरपेपणा तसाच ठेवला, पण सुरी धरायची बोटांनी. अंगठा पात्यावर. तापलं तर आधी मला कळेल. वरून सलाईनची बाटली टांगली, थेंब थेंब पाणी पट्ट्यावर. कागदी पट्टा भिजून फाटला. कापडाचा चढवला, तो टिकला.

इतकं सोपं होतं. मे महिन्यात करता आलं असतं. पण मे महिन्यात मला फोटो काढायचे होते.

२६ जून
इरफानला मुलगी झाली. मोहल्ल्यात पेढे. आमच्याकडे पेढे घेऊन चाचा स्वतः येतील वाटलं होतं, इरफानचा मेव्हणा आला.

अकीका, म्हणजे बाळाच्या नावाची कुर्बानी, पुढच्या आठवड्यात. एक बकरा. नातीचा अकीका आजोबाच्या हातानं व्हावा, असं चाचा गेल्या वर्षापासून म्हणत होते.

२९ जून
नवी सुरी झाली. पाणी बरोबर, ढाळ जवळजवळ बरोबर. काचेसारखा नाही. डाव्या अंगाला किंचित हात हललाय. अंगठ्याला फोड आलेत. तीच सागवानी मूठ काढून हिला बसवली.

डोक्यात आलंय ते असं: चाचांना हीच ती सुरी म्हणून द्यायची. 'धार लावून आणली.' अकीक्याला ते चालवतील, सरळ जाईल, त्यांना वाटेल आपला हात ठीक आहे. मोहल्लाही पाहील. कोणाला काही सांगायची गरज नाही. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

वर्षाला सांगितलं नाही. ती काय म्हणेल ते माहीत आहे.

१ जुलै
गेलो. चाचा ओट्यावर. इतक्या दिवसांनी आलो तरी "बस बेटा" याशिवाय काही नाही. सुरी पुढे केली. "धार लावून आणली, चाचा. अकीक्याले लागंल."

घेतली नाही. कापडही सोडून पाहिलं नाही. "इरफानजवळ दे. मी आता हात लावत नाई."

"एकदा पाहून त घ्या."

"बाहेरून माणूस बोलावला अकीक्याले. इरफानचं मन होत नाई सोताच्या पोरीच्या वेळी. माह्या हातानं त्या बकऱ्याले लय तकलीफ झाली, बेटा. त्याचा आवाज येते मले. गोळी खाल्ली की झोप लागते, नाई त नाई."

चहा आला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. उजव्यावर डावा. कप खरंच हलत होता. मे महिन्यात यांचा हात हलत नव्हता, मी शपथेवर सांगतो. मीच हलायला शिकवलं त्याला.

कप खाली ठेवून म्हणाले, "तू मनाले लावून घेऊ नको. सुरी चांगलीच होती. तुह्या बापानं बनवली असती तरी हेच झालं असतं."

बाबांचं नाव घेतलं. ते मलाच समजावत होते.

सुरी घेऊन परत आलो. चांगली सुरी बनवून उपयोग काय, ती ज्याच्यासाठी आहे तो हातच लावत नाही.

२ जुलै
इरफानला फोन केला. म्हटलं, मी सांगणार आहे.

"भाऊ, मी बोललो होतो नं तुम्हाले."

"त्यांना आवाज येतो म्हणे बकऱ्याचा. तुले माहीत आहे?"

"माहीत आहे." आणि फोन ठेवला. हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही.

३ जुलै
संध्याकाळी इरफानची अम्मी वर्षाला उद्याच्या जेवणाचं बोलावणं देऊन गेली. दोघांनी यायचं, लवकर यायचं. मी आतल्या खोलीत होतो, बाहेर आलो नाही.

४ जुलै, अकीका
सकाळी लवकर गेलो. बाहेरचा माणूस अजून यायचा होता. चाचा ओट्यावर एकटेच, नवा कुर्ता घालून. बकरा कोपऱ्यात पाला खात होता. दोन्ही सुऱ्या नेल्या होत्या. जुनी कच्ची, नवी मूठ लावलेली. आणि नवी, त्यांच्या मुठीची. कापडात गुंडाळूनच ठेवल्या, बकऱ्यासमोर उघडल्या नाहीत. एवढं तरी शिकलो.

घरून वाक्यं पाठ करून गेलो होतो. सगळी विसरलो. "चाचा, तुमचा हात नव्हता. सुरी कच्ची होती. घासताना तापली, मले दिसलं, मी ते घासून काढलं अन तुम्हाले दिली." एका दमात. तिथं थांबायला हवं होतं, पण थांबलो नाही. मशीन, शिकंजा, चाचांची यायची वेळ, ऊन... बोलतच गेलो. आपल्याच कानाला ते कारणं सांगणं ऐकू येत होतं.

चाचांनी मधे टोकलं नाही. रागावतील, निदान माझ्या थोबाडीत मारतील, असं वाटत होतं. उजवा हात उचलला तेव्हा मी डोळे मिटले. तो हात त्यांनी नुसता समोर धरला, उलटा केला, सुलटा केला.

मग म्हणाले, "तू त तिथीच उभा होता."

"हो."

"अन घरी गेला."

"हो, चाचा."

उठले, आत गेले. आतून इरफानच्या अम्मीचा आवाज आला, काय झालं विचारत होती. उत्तर ऐकू आलं नाही. दार लोटलेलं. थांबू की जाऊ कळेना. इरफान बकऱ्याजवळ आला, माझ्याकडे पाहिलं आणि दोर सोडायला लागला. सुऱ्या ओट्यावर ठेवून मी निघालो. बाहेरून बोलावलेला माणूस गल्लीच्या तोंडाशी भेटला, घर विचारत होता. दाखवलं.

आता दुपार झाली. मोहल्ल्यातून कोणी आलं नाही, फोन नाही. बकरा कोणी कापला, कोणत्या सुरीनं, काही माहीत नाही. दुकान उघडलं नाही. वर्षा लग्नातली साडी नेसून, बाळासाठी झबलं पिशवीत घालून दारात बसली आहे. "जायचं न?" विचारते. बोलावणं कालचं आहे. सकाळनंतर ते अजून आहे की नाही, हे मी कोणाला विचारू?